कोरडा आवाज

"हा आवाज मोठ्या रिकाम्या हॉलमधला वाटला पाहिजे," निलेश म्हणाला.

श्रुतिकाने हेडफोन लावला. भांडुपच्या तिच्या एका खोलीच्या स्टुडिओत जाहिरातवाले यायचे, कीर्तनकार यायचे. असलं काम घेऊन कोणी आलं नव्हतं.

"मी चेतना बोलतेय. मी बरी आहे. मला शोधू नका."

विशी-पंचविशीतल्या मुलीचा आवाज. अगदी कोरडा. कुठेच आपटून परत येत नव्हता, जणू ती डोक्यावरून गोधडी घेऊन बोलत होती.

"कुठे रेकॉर्ड केलंय?"

"घरी."

"मग हॉल कशाला?"

"तिच्या घरच्यांना पाठवायचंय." एवढं बोलून तो स्क्रीनकडे बघत राहिला.

श्रुतिकाने एको टाकला, डिले वाढवला. प्रत्येक शब्द क्षणभराने परत येऊ लागला. मुलगी एखाद्या धर्मशाळेच्या दालनात उभी असावी, तसा. निलेशला पटलं.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. तोच आवाज, तेच शब्द. या वेळी डोंगरातला हवा होता.

"तिलाच घेऊन या ना. इथे नीट रेकॉर्ड करू."

"ती बाहेर पडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पडत." मग तो हळूच म्हणाला, "शेवटी हुंदका आहे, तेवढा कापा."

तिने कापला, पण मूळ फाइल ठेवून घेतली. तो निघाला तशी स्कूटी काढून त्याच्या रिक्षामागे गेली. मुलुंडच्या एका जुन्या बिल्डिंगपाशी तो उतरला. आत शिरण्याआधी त्याने दोनदा वळून पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती.

घरी येऊन तिने फेसबुकवर 'चेतना बेपत्ता' असं शोधलं. हर्षद नावाच्या भावाने टाकलं होतं, 'माझी बहीण चेतना महिन्याभरापासून बेपत्ता आहे. कृपया कळवा.' खाली नंबर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षद स्टुडिओत आला. त्याचे दोन मित्र खाली गाडीतच थांबले. मूळ फाइल ऐकताना त्याचे डोळे भरून आले.

"हीच ती. आणि आम्ही वेड्यासारखे गावोगावच्या धर्मशाळा पालथ्या घालतोय!"

"पोलिसांना कळवू या?"

"नको ताई. पोलीस बघून त्याने तिचं काही बरंवाईट केलं तर? आधी मी जातो."

ते तिला पटलं. तिने पत्ता लिहून दिला. हर्षदने हात जोडले आणि धडाधड जिने उतरून गेला.

श्रुतिकाने चहा टाकला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. अर्ध्या तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला.

"श्रुतिकाताई ना? मी चेतना. निलेशची बायको."

"सुटलीस गं बाई!"

"सुटले म्हणजे काय, तुमच्यामुळेच जिवंत आहोत आम्ही. निलेश म्हणाला, तुम्हाला त्याचाच डाऊट येतोय, म्हणून म्हटलं आपणच सांगावं. मी लग्न केलं ना, तेव्हापासून दादा आम्हा दोघांना मारायला शोधतोय. तुम्ही केलेले आवाज ऐकून तो भलतीकडेच फिरतोय."

"चेतना, माझं ऐक..."

"एक मिनिट हां ताई, दार वाजतंय. निलेशच असेल."