पांढऱ्या पायाची सून

"या बारीला पुन्हा बुरशी निघाली ना, तर ही पोरगी माझ्या घरात दिसायची नाय!" आवडाबाईंनी अंड्यांच्या ट्रेशेजारी हात आपटला.

नवी सून दमयंती मान खाली घालून अंडी पुसत राहिली. एकेक उचलायचं, ओल्या फडक्यानं लख्ख करायचं, ट्रेमध्ये ठेवायचं. गंगापूर रोडवरची ही अंडी उबवायची हॅचरी आणि मागचं घर, एवढंच तिचं जग उरलं होतं. फाटकाला कुलूप. मोबाईल सासूबाईंच्या कपाटात. "परभणीचं व्हेटर्नरी कॉलेज पुरं करू देऊ," असं बैठकीत छाती ठोकून बोललेले सासरे आता तो विषय निघाला की नुसते खाकरायचे. पहिल्या सणाला माहेरी, देवगाव रंगारीला, वडिलांपुढं रडून पाहिलं, तर ते म्हणाले, "सासरच्यांनी आपण होऊन धाडलं तर ये. आपल्या मनानं आलीस तर दार लावून घेईन."

हॅचरीत जुनी असलेली सरूबाई न राहवून म्हणाली, "वैनी, आम्ही तर कोरड्या पॉलिश पेपरनं घासायचो."

"आईंना एक डाग चालत नाही, सरूबाई."

"व्हय की! बघ कशी आरशावानी चमकतात!" आवडाबाई म्हणाल्या. "पण पांढऱ्या पायाला काय करावं? ही आली अन् बुरशी आली."

उबवणीचं मशीन उघडायच्या दिवशी दमयंती सगळ्यांच्या मागं उभी होती. दार उघडलं आणि कुबट भपकारा आला. एक अंडं फट्‌कन फुटलं, हिरवट-काळी भुकटी उडाली. मग दुसरं. पिल्लांची चिवचिव म्हणावी तर जवळजवळ नाहीच.

"गेलं सगळं!" आवडाबाईंनी कपाळ बडवलं. "हिच्या भावाला बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

"आई, अजून एकदाच पुसून बघते ना," दमयंती पदर तोंडाला लावून म्हणाली.

"हात लावशील अंड्याला तर बघ!"

भाऊ बन्सी जीप घेऊन आला. फाटकाचं कुलूप निघालं. जीप हमरस्त्याला लागली तरी दमयंतीचं तोंड पदरातच होतं, खांदे गदगदत होते. बन्सीनं जीप हळू केली.

"तायडे, नको ना रडू. बुरशी काय कुणाच्या पायानं येते व्हय?"

दमयंतीनं पदर खाली घेतला. डोळे कोरडे ठणठणीत, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"पायानं नाही रे, ओल्या फडक्यानं येते. पहिल्याच वर्षाला शिकवलंय आम्हाला. होस्टेलातली माझी खाट रिकामी आहे का, ते सांग आधी!"