हातभर भिंत

"कार्ड कोरं आहे," डॉक्टर म्हणाले.

पोटात जखमा करणाऱ्या जंतूवरची नवी लस चाचणीसाठी खांब गावाजवळच्या वाडीतल्या वीस जणांना टोचून आठवडा झाला होता. रोज काय दुखलं-खुपलं, त्याच्या खुणा कार्डावरच्या चित्रांपुढे करायच्या होत्या. अंगठेबहाद्दरांना हे जमायचं नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांचं मत. वाडीतलीच नर्स भाविका त्यांच्याशी भांडली, म्हणून वाडीला घेतलं. आणि आता सगुणाबाईंचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघालं ते जसंच्या तसं. भाविकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, खुणा नाय केल्या?"

"सरकारी कागुद गो तो. जातीच्या दाखल्यावर डाग पडला तर दोन वर्सं रोह्याला खेटे घातले. त्याच्यावर कशी गिरवू?"

"मग यांचं नाव कमी करावं लागेल," म्हणत डॉक्टरांनी फाइल मिटली.

"लिवलंय मी, सायब. आत या."

लेकीच्या साखरपुड्यासाठी घर शेणामातीनं सारवलेलं होतं. चुलीशेजारची हातभर भिंत मात्र तशीच सोडलेली, आणि तिच्यावर कोळशाच्या खुणांच्या सात ओळी. गोल म्हणजे ताप, रेघ म्हणजे पोटदुखी, ठिपका म्हणजे दंडाचा ठणका. सहावी ओळ म्हणजे नुसती फुली.

"या दिवशी काय झालं?"

"काय नाय. बरं होतं. नसलेलं कशाला लिवू?"

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण डॉक्टरांना आरसा हवाच होता. त्यांनी भाविकाकडून आरोग्य केंद्राचं रजिस्टर घेतलं. तिसऱ्या दिवशी सगुणाबाई केंद्रात आल्या होत्या. सकाळी ताप, संध्याकाळी पुन्हा ताप. भिंतीवर तिसऱ्या ओळीत दोन गोल होते.

डॉक्टर भिंतीपुढे उकिडवे बसले. मग त्यांनी भिंतीचे फोटो काढले, एकेक खूण फाइलीत उतरवली. भाविकानं सवयीनं शाईचं पॅड उघडून काकीपुढे धरलं.

सगुणाबाईंनी हात मागे घेतला.

"आतापावत लोकांनी लिवलं नि मी आंगठा दिला. आज मी लिवलंय. सई सायबांनी करायची."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. भिंतीकडे पाहिलं. पेन परत खिशात ठेवलं, आणि चुलीतला विझलेला कोळसा उचलला.