दुसरी वेलांटी

"आई, पाटी लावताना कुणी काही विचारलं तुला?" वकील मुलाने फोनवर पुन्हा विचारलं.

"पाटी लावणारे कधी बेल वाजवून लावतात का?" आई म्हणाली.

साथ आल्यापासून गल्लीतल्या बऱ्याच दारांवर पिवळे कागद चिकटले होते. छापखाने बंद, त्यामुळे आरोग्य खात्याचे कारकून लाल शाईने हातानेच लिहीत: 'विलगिकरण. ये-जा करण्यास मनाई.' समोरच्या दारावरचा तो कागद खिडकीतून दिसला की आईच्या डोक्यात तिडीक जायची. 'ग'ला पहिली वेलांटी. एका शहाण्याने चूक केली आणि बाकीच्यांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली. आईचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. हातात लग्नपत्रिका आली तरी ती आधी चुका शोधायची, मग नवरानवरीची नावं वाचायची.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. पूर्वी त्याचा फोन म्हणजे उंबराचं फूल. कामातून मान वर काढायला वेळ नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि ते खोटंही नव्हतं. घरी येतो येतो म्हणायचा आणि ऐन वेळी एखादा खटला आडवा यायचा. आईच्या दारावर पाटी लागली, त्याला कळलं, आणि तेव्हापासून फोन रोज वाजू लागला.

ताप आहे का? नाही. तपासणी झाली? नाही. मग कुठल्या आधारावर कोंडलं तुला? त्याचा आवाज चढायचा. "साथ आली म्हणून सरकारला रान मोकळं मिळत नाही, आई. माणसाला कोंडायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. दाद मागायची सोय ठेवावी लागते."

जाऊ दे रे, सगळ्यांचेच हाल चाललेत, असं आई म्हणायची. पण बोलताना फोन कानाला घट्ट धरायची. कायद्याचं बोलून झालं की तो हळूच विचारायचा, जेवलीस का, गुडघा कसा आहे. हे प्रश्न तिने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. तिला फार बरं वाटायचं. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. मग ती एकटीपुरता चहा टाकायची आणि भांड्यांशी बोलायची. त्याची आता तिला लाजही वाटेनाशी झाली होती.

आरोग्य खात्याची बाई गल्लीत यायची, हातातली यादी बघून दारोदार ताप विचारायची, पण आईच्या दाराशी थांबायची नाही. हे आईच्या तोंडून सहज निघून गेलं आणि मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोंडून ठेवायचं आणि वर विचारपूसही नाही? त्याने शेजाऱ्यांकडून पाटीचा फोटो मागवला आणि सरकारविरुद्ध थेट कोर्टात अर्ज ठोकला. आई नको म्हणाली, तरी ऐकेना.

"निकाल लागला की मी स्वतः येऊन ती पाटी फाडणार," तो म्हणाला.

स्वतः येणार, एवढंच आईने ऐकलं. तिने त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, खिडक्या पुसल्या, जिना उतरताना दुखणारा गुडघाही त्या दिवशी विसरली.

सुनावणीच्या दिवशी दुपारीच फोन आला. त्याचा आवाज खाली आला होता.

"सरकारी वकील म्हणतो, ही पाटी आमची नाहीच. मी त्याला खोटारडा म्हणालो, भर कोर्टात. मग न्यायाधीशांनी तुमच्या गल्लीतल्या सगळ्या पाट्यांचे फोटो मागवले आणि शेजारी शेजारी ठेवले. सगळ्यांवर पहिली वेलांटी आहे, आई. फक्त तुझ्या दारावर दुसरी."

आईने खिडकीतून समोरच्या दारावरच्या कागदाकडे पाहिलं.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय," आई म्हणाली. "चुकीचं लिहायला हातच धजावला नाही रे."