वेटिंगला पहिली

कर्जतच्या नर्सिंग कॉलेजात अक्षदा वेटिंगला पहिली होती. आठ दिवस पोरगी मोबाइल सोडेना, धड जेवेना. शेवटी तिची आई, आनंदीबाई, नारळ घेऊन पोशीरहून नेरळच्या देवीला आली. कुणाचं तरी ॲडमिशन रद्द होऊ दे, एवढंच मागायचं होतं. मागणं वाईट होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

रांगेत पुढं शेलूची एक बाई होती. “माझ्या मुलीला कर्जतला नर्सिंग मिळालंय हो,” ती म्हणाली, “पण तिला पुण्यालाच जायचंय. तिथं ती वेटिंगला पहिली आहे. घरात कुणाला चैन नाही.”

“पोरीचं नाव काय, ताई?”

“तनया.”

 

आनंदीबाईनं नारळ देवीपुढं ठेवला. “आई, पयलं ह्या तनयाला पुण्याला धाड गं!”