लाल राहिलेली वीट

खाडी गावात शिरल्यापासून चिखलातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटायचा. म्हणून प्रत्येक खिडकीत लोखंडाच्या गंजाची जाळीदार वीट बसवलेली असे. वायू पिऊन ती दिवसभरात काळी पडे. ओली करून गच्चीवर सावलीत ठेवली की पुन्हा लाल होई. विटा वरखाली करून करून कुंदाचे खांदे गळून गेले होते.

आज सासऱ्यांच्या खोलीतली वीट मात्र लालच होती. “बरं झालं, एक तरी वाचली,” असं पुटपुटत कुंदा वळली आणि थबकली. वायू विटेतून गेला असता, तर ती लाल राहिलीच कशी असती? तिनं वीट ओढली. एरवी घट्ट बसणारी ती अलगद हातात आली.

“मामंजी, तुम्ही काढून ठेवता ही?”

सासरे ओशाळले. “तू यायच्या वेळी लावतो की परत. तेवढंच तुझं ओझं कमी, पोरी.”

“अहो, पण वास?”

“सुरुवातीला फार यायचा,” ते तिची समजूत घालत म्हणाले. “आता अजिबात येत नाही बघ.”

कुंदानं त्यांचा हात धरून त्यांना दाराकडे ओढलं. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, वायू वाढला की नाकच बधिर होतं; वास येतो तोवरच पळायला वेळ असतो.