झग्याची घडी

रंगमंचावर हम्फ्रीनं तो लहानसा झगा उचलला, आणि कपडेपटाच्या दाराआड माझे पाय एका जागी ठरेनात.

आमच्या लंडनात बाईनं रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. म्हणून बायकांची कामं हा तेरा वर्षांचा पोरगा करायचा. माझ्या नवऱ्याकडे नट व्हायला शिकत होता, राहायचा आमच्याच घरी. नवरा पाठांतर घ्यायचा. माझं उठणं, बसणं, चिडणं मात्र हा परस्पर उचलायचा.

त्या दुपारी तो मेलेल्या मुलीची आई झाला होता. रडला नाही. मांडीवर झग्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. प्लेगनं माझी सुझन गेली, त्या सकाळी स्वयंपाकघरात मी हेच करत बसले होते. मेल्यानं तेही पाहिलं होतं!

आणि आता हजार माणसांसमोर मांडत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो आत येताच मी हात उगारला.

"चुकलं का हो, मालकीणबाई?" त्यानं झगा छातीशी धरला.

झगा मी हिसकावून घेतला. मांडीवर पसरला.

"चुकलंच. आधी बाह्या आत घ्यायच्या असतात. बस इथं, दाखवते."