दातावर दात

ड्रेसिंगच्या खोलीचं दार लागलं आणि मालननं कान दिला. आतून काहीच ऐकू येईना.

फौंड्रीत वितळलेलं लोखंड सांडून तिच्या नवऱ्याचे, आकारामचे, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले होते. एक दिवसाआड पट्ट्या बदलायच्या. पहिल्या वेळी तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की बाहेर मालन चक्कर येऊन पडली. ते त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून त्यानं तोंडातून आवाज काढला नव्हता. बाकीचे पेशंट आईला हाका मारत, रडत. आकारामची पाळी आली की सगळं गपगार. त्या शांततेत मालन पदर पिळत उभी राहायची.

शबनम सिस्टर कपाळ पुसत बाहेर आली. म्हणाली, दुखण्याचं इंजेक्शन दिलंय, तरी पट्टी सुटताना दुखणारच. पण हा माणूस श्वासच कोंडून धरतो. अंग लाकडासारखं ताठ होतं, बीपी चढतं. मोकळा ओरडला तर श्वास तरी चालेल. अजून एक पाय राहिलाय, तुम्ही सांगून बघा.

मालन आत गेली. पायांकडं तिनं बघितलं नाही. आकाराम घामानं निथळत होता. खालच्या ओठावर दात रुतून रक्त आलं होतं. तिला बघून तो हसायला गेला, पण हनुवटीच थरथरायला लागली.

"कशाला आलीस? काय न्हाय दुखत. जा भाईर."

"मी न्हाय पडत आता," मालन म्हणाली. "पर तुमचा आवाज आला न्हाय, की भाईर मला काय काय वाटतंय. ओरडा. मला ऐकू येऊ दे."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ती बाहेर येऊन दाराला लागून उभी राहिली.

सिस्टर परत आत गेली. मग आतून किंकाळी आली. पार पोटातून निघालेली, लांबलचक. मागोमाग धापा, आणि परत एक.

कॉरिडॉरमधली माणसं बोलायची थांबली. सुनेला घेऊन मलकापूरहून आलेल्या एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

"कोण ग बाई, आत कोण हाय?"

मालननं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"आमचं मालक हायत," ती म्हणाली. "आता श्वास घ्याय लागल्यात."